ट्रॅव्हल ओटीचं स्टेट लायसन्स: नवीन राज्याचं कसं काढावं, जुन्याचं नूतनीकरण कसं सांभाळावं

अमेरिकेत ट्रॅव्हल ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (ओटी, म्हणजे व्यवसायोपचारतज्ज्ञ; ट्रॅव्हल म्हणजे एजन्सीमार्फत थोड्या थोड्या काळासाठी ठिकठिकाणी काम करणारा) करार साधारण १३ आठवड्यांचा असतो आणि दरवेळी राज्य बदललं की लायसन्सही त्या राज्याचंच लागतं. एनबीसीओटी या राष्ट्रीय प्रमाणन मंडळाची परीक्षा देशभर चालते, लायसन्स मात्र राज्याच्या हद्दीपुरतं. अर्जाचा फॉर्म तासाभरात भरून होतो. फाइल अडून राहते ती दुसऱ्यांनी पाठवायच्या कागदांपायी: जुन्या राज्यांची व्हेरिफिकेशन (तिथलं लायसन्स होतं याचा दाखला), एनबीसीओटीचा दाखला, बोटांचे ठसे. म्हणून ही कामं आधी सुरू करा, फॉर्म मागाहून भरला तरी चालेल.

आधी व्हिसाचं बघा. एच-वन-बी व्हिसावर कामाची जागा बदलून ती दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेली, तर नोकरी देणाऱ्याला सुधारित याचिका दाखल करावी लागते. दर तीन महिन्यांनी हे करणं बहुतेक एजन्सींना परवडत नाही. त्यामुळे मुंबई-नागपूरहून बीओटीएच (ओटीची पदवी) करून आलेल्यांपैकी बहुतेकांसाठी ट्रॅव्हलचं काम ग्रीन कार्डानंतरच व्यवहारात बसतं. फिजिओथेरपिस्ट आणि नर्स यांना ग्रीन कार्डासाठी असलेली ‘शेड्यूल ए’ची (अर्जातली एक पायरी वाचवणारी) सवलत ओटीला नाही, हेही हिशेबात धरा.

पहिली पायरी: नाव एकसारखं करा. मराठी माणसाचा अर्ज सर्वाधिक वेळा इथेच अडतो. पदवीवर माहेरचं नाव आणि मधे वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव, सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नावच नाही. लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डाच्या लेखी या तीन वेगळ्या व्यक्ती. कोणतं नाव चालवायचं ते एकदा ठरवा, एनबीसीओटीच्या खात्यात तेच करून घ्या आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र स्कॅन करून हाताशी ठेवा. ‘पूर्वीची नावं’ हा रकाना कधीही रिकामा सोडू नका.

दुसरी पायरी: व्हेरिफिकेशन मागवा. तुमच्याकडे आजवर जितकी लायसन्स होती, चालू असोत वा संपलेली, त्या प्रत्येक बोर्डाकडून नव्या बोर्डाला थेट दाखला जावा लागतो. तुम्ही स्वतः पाठवलेली प्रत सहसा धरत नाहीत. काही राज्यांचं काम ऑनलाइन लगेच होतं; काही शुल्क घेऊन पत्र पाठवतात आणि त्यात आठवडे जातात. म्हणजे आज घेतलेलं प्रत्येक लायसन्स पुढच्या प्रत्येक अर्जात एका कागदाची भर घालतं. ‘असू दे एखादं जास्तीचं’ म्हणून लायसन्स घेण्याआधी याचा विचार करा. एखाद्या फॉर्मवर ‘इतर देशातील नोंदणी’ विचारली असेल, तर महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणीही लिहावी लागते. तिथला दाखला मागवायला सर्वांत जास्त वेळ धरून चाला.

एनबीसीओटीचा दाखलाही थेट बोर्डाकडेच जातो, आणि तो तुमच्या खात्यातून पैसे भरून मागवायचा असतो. तो आपोआप जाईल असं समजून थांबलेले अर्ज पुष्कळ असतात.

तिसरी पायरी: बोटांचे ठसे. एका राज्यासाठी दिलेले ठसे दुसऱ्या राज्याला सहसा चालत नाहीत. कॅलिफोर्नियात ‘लाइव्ह स्कॅन’ यंत्रावर ठसे घेतात, पण त्यासाठी प्रत्यक्ष त्या राज्यात असावं लागतं. बाहेर असाल तर शाईचे ठसे घेतलेली कार्डं टपालाने पाठवायची आणि त्यांना जास्त वेळ लागतो. ॲरिझोनात सार्वजनिक सुरक्षा विभागाचं वेगळं क्लिअरन्स कार्ड लागतं. दिवसभर हात धुऊन आणि सॅनिटायझर वापरून थेरपिस्टच्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात, ठसे वाचता येत नाहीत आणि पुन्हा द्यावे लागतात. आधीचा आठवडाभर रात्री हातांना मलम लावा. ऐन ठसे देताना मात्र हात कोरडे हवेत.

चौथी पायरी: त्या राज्याची खास अट शोधा. टेक्सासमध्ये कायद्याची ऑनलाइन परीक्षा असते. पेनसिल्व्हेनियात पहिल्या लायसन्ससाठी बालशोषणाची तक्रार कशी करावी यावरचं ३ तासांचं प्रशिक्षण लागतं. वॉशिंग्टनमध्ये आत्महत्या प्रतिबंधाचं ३ तासांचं प्रशिक्षण एकदा करावं लागतं. कॅलिफोर्नियात लायसन्स मिळालं तरी हँड थेरपी, अल्ट्रासाउंडसारखी भौतिक साधनं आणि गिळण्याच्या तक्रारींचं काम यांसाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते. आउटपेशंट हँड क्लिनिकचा करार घेण्याआधी एजन्सीच्या रिक्रूटरला हे स्पष्ट विचारा.

पाचवी पायरी: पाठपुरावा. अर्जानंतर दोन आठवड्यांनी, आणि मग दर आठवड्याला, पोर्टलवर कोणता कागद ‘मिळाला नाही’ दिसतो ते बघा आणि ज्याने तो पाठवायचा त्याला फोन करा. काही राज्यं दोन-तीन आठवड्यांत लायसन्स देतात, काही दोन-तीन महिने घेतात. लायसन्स क्रमांक बोर्डाच्या संकेतस्थळावर दिसेपर्यंत एकाही रुग्णाला हात लावायचा नाही, एजन्सीने कितीही घाई केली तरी. शुल्क कोण भरणार आणि करार रद्द झाला तर ते परत मागणार का, हे सहीआधी लेखी घ्या.

ओटी कॉम्पॅक्टचा (सदस्य राज्यांत वेगळं लायसन्स न काढता परवान्यावर काम करू देणाऱ्या आंतरराज्य कराराचा) कायदा तीसहून अधिक राज्यांनी मंजूर केला आहे, पण कायदा मंजूर होणं आणि त्या राज्याने प्रत्यक्ष परवाने देणं यांत मोठं अंतर आहे. कॉम्पॅक्टच्या नकाशावर राज्याचा रंग बघून करार घेऊ नका. परवाने सुरू आहेत का ते तपासा. शिवाय तुमचं कायम वास्तव्याचं राज्य सदस्य असावं लागतं आणि तिथलं लायसन्स निर्वेध, म्हणजे कारवाई वा निर्बंध नसलेलं, असावं लागतं.

नूतनीकरण. इथे सगळा घोळ तारखांचा. कॅलिफोर्निया आणि टेक्सासचं लायसन्स दर दोन वर्षांनी तुमच्या जन्ममहिन्याच्या शेवटी संपतं, त्यामुळे पहिली मुदत नेमकी दोन वर्षांची असेलच असं नाही. फ्लोरिडाचं विषम वर्षी २८ फेब्रुवारीला, पेनसिल्व्हेनियाचं विषम वर्षी ३० जूनला, इलिनॉयचं विषम वर्षी ३१ डिसेंबरला. न्यूयॉर्कची नोंदणी तीन वर्षांची आणि तिला ३६ तासांचं व्यावसायिक शिक्षण (कोर्स). एनबीसीओटीचं वेगळंच: तीन वर्षांत ३६ युनिट, मुदत ३१ मार्च. एक तक्ता करा: राज्य, मुदत, लागणारे तास, सक्तीचे विषय, झालेले तास. मुदतीच्या ९० दिवस आधीची आठवण फोनमध्ये टाका, कारण बोर्डाची सूचना जुन्या पत्त्यावर जाते आणि दर तीन महिन्यांनी घर बदलणाऱ्याच्या हाती ती पडत नाही. पत्ता बदलल्याचं ठरावीक दिवसांत कळवणं पुष्कळ राज्यांत बंधनकारकही आहे.

एकच कोर्स अनेक राज्यांत मोजता येतो, त्यामुळे मोठे तास आधी सर्वमान्य कोर्सांतून भरा आणि मग राज्यापुरते तुकडे जोडा. फ्लोरिडाला वैद्यकीय चुका टाळण्यावर २ तास आणि तिथल्या कायद्यावर २ तास लागतात. टेक्सासची कायद्याची परीक्षा तिथे उपयोगी नाही. प्रमाणपत्रं किमान पाच वर्षं जपा, तपासणीत तीच मागतात.

पुन्हा जायचं नाही अशा राज्याचं लायसन्स नुसतं संपू देऊ नका. सोय असेल तिथे ते ‘निष्क्रिय’ करून घ्या. बहुधा कमी खर्चात होतं, आणि पुढच्या व्हेरिफिकेशनवर ‘थकीत’ असा शेरा येत नाही. एनबीसीओटीचं प्रमाणपत्र मात्र चालूच ठेवा: ते संपलं तर ‘ओटीआर’ (नोंदणीकृत ओटी) ही अक्षरं नावापुढे लावता येत नाहीत, आणि नव्या राज्याच्या अर्जात बऱ्याचदा पहिल्याच पानावर त्याची चालू मुदत विचारतात.