कॉयरचं गाणं रंगतं, पण चर्च गप्प: मराठी मिस्सेतल्या या चुका टाळा

मिस्सा (कॅथलिक चर्चमधला ख्रिस्तयाग) संपल्यावर कुणी म्हणालं, 'आज गाणी फार छान झाली,' की मी लगेच विचारते, 'तुम्ही गायलात का?' बहुतेकदा उत्तर येतं, 'नाही, ऐकत होतो.' पुण्यात मराठी मिस्सेचा कॉयर, म्हणजे गायकवृंद, बसवताना मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य हेच. भाविकांनी गावं म्हणून कॉयर पुढे बसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाचा आग्रहही लोकांच्या सहभागाचाच आहे.

लोक गप्प बसले तर आधी पट्टी तपासा. शनिवारी संध्याकाळच्या सरावात सात-आठ तरुण गळे तापलेले असतात, वरचा सूर सहज लागतो. रविवारी सकाळी मागच्या बाकावरच्या आजोबांचा आवाज अजून उघडलेलाही नसतो. पट्टी ठरवताना 'सा' कुठे आहे यापेक्षा गाण्याचा सर्वांत वरचा सूर कुठे जातो ते बघा. मधल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत बहुतेकांना गाता येतं. त्यात न बसणारं गाणं कॉयरने ख्रिस्तप्रसादानंतर गावं, प्रवेशगीताला नको. आणि कीबोर्डचं पट्टी वर-खाली करणारं ट्रान्सपोझ बटण! आधीच्या इंग्रजी मिस्सेला कुणीतरी ते दोन घरं वर नेलेलं असतं आणि आपण तसंच सुरू करतो. पहिला सूर देण्याआधी ते शून्यावर आणा.

दुसरी चूक शब्दांची, आणि ती मला पट्टीपेक्षाही जास्त खटकते. आपली मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात, म्हणून आपण गाणी रोमन लिपीत छापून देतो. मग 'बाळ येशू'चा 'बाल येशू' होतो, 'प्राण'चा 'प्रान'. श्वासही भलत्याच जागी तुटतो: 'तारण' म्हणून दम घेतला आणि पुढे 'हार' म्हटलं की अर्थाचं काय उरलं? नगर, श्रीरामपूरकडून आलेल्या आजींना ही गाणी तोंडपाठ असतात. त्यांना सरावाला बोलवा. आधी ओळ नुसती वाचून घ्या, श्वासाच्या जागी पेन्सिलीने रेघ मारा, मग चाल लावा. मुलांना देवनागरी वाचायला वेळ लागेल. लागू द्या.

काही जागा मुळातच लोकांच्या आहेत. 'पवित्र, पवित्र, पवित्र' हे धर्मगुरूसह सगळ्यांनी म्हणायचं असतं, तिथे एकट्या गायिकेने ताना-हरकती घेऊ नयेत. 'देवाच्या कोकरा'ऐवजी दुसरं गीत घालता येत नाही. प्रतिसाद स्तोत्राच्या (पहिल्या वाचनानंतरचं, ज्याचं पालुपद लोक म्हणतात ते) जागीही आवडतं भक्तिगीत चालत नाही, कारण ते त्या दिवशीच्या वाचनांचाच भाग आहे. त्याचं पालुपद एका ओळीचं, साध्या चालीचं ठेवा. लोकांनी दोनदा ऐकून तिसऱ्यांदा म्हणावं, इतकं साधं. आणि फादर ख्रिस्तयागाची मुख्य प्रार्थना म्हणत असताना मागे हळू कीबोर्ड वाजवू नका. कितीही भावपूर्ण वाटलं तरी नियम स्पष्ट आहे: त्या वेळी वाद्यं बंद.

आगमनकाळ (नाताळाआधीचा) आणि प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा) यांच्यात हमखास गोंधळ होतो. दोन्ही काळांतल्या रविवारी गौरवगीत (मिस्सेच्या सुरुवातीचं स्तुतिगीत) गात नाहीत, पण 'आलेलुया' (शुभवर्तमानाआधीचा जयघोष) फक्त प्रायश्चित्तकाळात थांबतो. आगमनकाळात तो वगळू नका. प्रायश्चित्तकाळात वाद्यं केवळ गायनाला आधार देण्यापुरती. दानाच्या वेळी नुसती धून वाजवायची नाही. त्यातला चौथा रविवार आणि चर्चच्या कॅलेंडरमधले महासण व सण एवढाच अपवाद. ढोलकीवाल्या मुलाला हे आधीच प्रेमाने सांगा. ऐन रविवारी सांगितलं की तो दुखावतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

एकाच मिस्सेत तीन नवी गाणी घेऊ नका. महिन्याला एक पुरे. ते मिस्सेआधी पाच मिनिटं लोकांकडून म्हणवून घ्या आणि सलग चार रविवार तेच ठेवा. तेवढ्यात कॉयरला कंटाळा येतो, लोकांना मात्र तेव्हा कुठे ते येऊ लागलेलं असतं.

माइक प्रत्येकाच्या हातात नको. दोन पुरेत, तेही तोंडापासून थोडे दूर. आवाज लहान ठेवला की शेजारचा माणूस गातोय हे माणसाला ऐकू येतं, आणि मगच तो तोंड उघडतो.

येत्या रविवारी एक करून बघा. शेवटच्या गीताच्या शेवटच्या पालुपदाला कीबोर्ड थांबवा, माइक खाली घ्या आणि कोणत्या बाकांवरून आवाज येतोय ते ऐका. ज्या बाजूने काहीच येत नाही, तिथे पुढच्या रविवारी कॉयरमधले दोघे बसवा.