लिमिट होल्डेम: चांगली पानं हातात आली की काय करायचं

मी सॅन होजेजवळ राहतो आणि गेली काही वर्षं शनिवारी दुपारी इथल्या कार्डरूममध्ये ४-८ लिमिट होल्डेम खेळतो. हा पोकरचा एक प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच. पहिल्या दोन फेऱ्यांत पैज चार डॉलरची, पुढच्या दोन फेऱ्यांत आठची. मनात येईल तेवढे पैसे पुढे सरकवता येत नाहीत. सगळा खेळ या एका नियमावर फिरतो, आणि टीव्हीवर नो-लिमिट (पैजेला मर्यादा नसलेला प्रकार) बघून आलेल्यांना नेमकं तेच लवकर पचत नाही. मलाही पचलं नव्हतं.

एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. टेबलावर तासाला तीस-पस्तीस डाव होतात, म्हणजे सहा-सात तास बसावं तेव्हा एकदा. त्या दिवशी आली. तिघे नुसते कॉल करून (चालू पैज भरून) आत आले होते, मी आठचा रेझ केला (पैज वाढवली), छोट्या ब्लाइंडने (पानं बघण्याआधीच सक्तीची पैज भरावी लागणाऱ्या दोघांपैकी एकाने) दोन डॉलर सोडून पानं टाकली, मोठ्या ब्लाइंडसह बाकी चौघांनी भरले. पॉट (मध्ये जमलेले पैसे) ४२. फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांवर) नव्वी, छक्की, दुर्री. मी चार लावले. एकाने भरले, बाकीचे गेले. टर्नला (चौथं पान) सत्ती आली आणि त्याने माझ्यावर रेझ केला. मी शेवटपर्यंत भरत राहिलो. त्याच्या हातात दश्शी-अठ्ठी होती, म्हणजे छक्की ते दश्शी सलग पाच पानं. माझे ३६ डॉलर गेले, आणि त्याहून जास्त मनाला लागलं ते हे की ‘इतका वेडावाकडा खेळणारा’ जिंकला.

टेबलावर डाव चालू असताना इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला मनाई असते, म्हणून बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर एका सांगलीच्या काकांना विचारलं. ते इथे माझ्या कितीतरी आधीपासून खेळतात.

“फ्लॉपवर त्यानं काय चूक केली, सांग बरं,” ते म्हणाले.

“काका, त्याला फक्त सत्तीच हवी होती!”

“मग मोज की.”

मोजलं. न दिसलेली पानं ४७, त्यात सत्त्या चार. ४३ विरुद्ध ४. म्हणजे चार डॉलर भरायचे तर पॉटमध्ये किमान ४३ असायला हवेत. माझे चार धरून होते ४६. त्याने बरोबर कॉल केला होता!

“त्याची चूक आधीच झाली होती. दश्शी-अठ्ठी घेऊन आठ डॉलर भरले तेव्हा. ते पैसे तुझ्या रेझमुळेच आले ना? मग रडतोस कशाला?”

लिमिटमध्ये जोरदार पैज लावून समोरच्याला हाकलता येत नाही. त्यामुळे चांगल्या पानांची कमाई मुख्यतः फ्लॉपच्या आधी होते, समोरचा कमी पानांवर पूर्ण पैसे भरतो तेव्हा. चार अनोळखी हातांसमोर एक्के साधारण ५६ टक्के वेळा जिंकतात. पाच जणांत आपला वाटा २० टक्क्यांचा असताना ५६ मिळतात, मग प्रत्येक जादा डॉलर आत यायलाच हवा. नऊ जणांसमोर तीच जोडी ३१ टक्क्यांवर येते. दहातले सात डाव हरूनही ती फायद्यात असते. एक्के दोनदा फुटले की नवखे रेझ करणं सोडतात, ‘आधी फ्लॉप बघू’ म्हणतात. कृपा करून हे करू नका. एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा असताना रेझ करा, आधी कुणी केला असेल तर पुन्हा करा.

अल्बर्टा विद्यापीठाच्या ज्या सीफियस प्रोग्रॅमने २०१५ मध्ये दोघांमधलं लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवलं, तोही डीलरच्या जागेवरून नुसता कॉल करून आत जवळपास कधीच येत नाही. आपला टेबल नऊ जणांचा, तिथे त्याचे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण मला त्याने धीर दिला.

एक्का-राजाला फ्लॉपवर जोडी साधारण तीन वेळांत एकदा लागते. न लागता चौघे समोर असतील तर हट्ट सोडा. राजा-राणी वेगवेगळ्या रंगांची असेल आणि आधी शिस्तीत खेळणाऱ्याने रेझ केला असेल तर मी पानं टाकतो, कारण त्याच्याकडे एक्का-राजा किंवा एक्का-राणी असण्याची भीती खरी असते. तीच पानं एका रंगाची असली आणि बरेच जण नुसत्या कॉलवर आत असले तर मात्र आनंदाने खेळतो.

सर्वांत अवघड राण्यांची जोडी. साधारण ४१ टक्के वेळा फ्लॉपवर राजा किंवा एक्का येतो. आपल्यापर्यंत येण्याआधीच पैज आणि त्यावर रेझ झाला असेल तर टाका. पण एकच जण पैज लावत असेल आणि रिव्हरला (शेवटच्या, पाचव्या पानावर) ८० डॉलरच्या पॉटसाठी आठ भरायचे असतील, तर अकरांत एकदाच बरोबर असलात तरी बरोबरी होते. मी भरतो. मागच्या महिन्यात अशाच एका डावात समोरच्याने गुलामांची जोडी उलटली.