स्पेनचा राजा तिसरा कार्लोस मुलांना कसा समजवायचा

आधी सनावळी नको, नकाशा काढा. स्पेनचा अमेरिकेशी व्यापार बराच काळ एकाच बंदरातून चालायचा, आधी सेव्हिल मग कादिझ, म्हणजे समजा सगळा माल फक्त जयगडलाच उतरवायचा आणि हर्णै, मालवण, वेंगुर्ल्याने नुसतं बघत बसायचं! कार्लोसने 1765 पासून बाकीची बंदरं उघडायला घेतली, 1778 ला तर खूपच, हे किनाऱ्यावरच्या पोरांना लगेच कळतं.

मग काळ जोडा, तो 1759 ला गादीवर आला आणि दोनच वर्षांनी आपल्याकडे पानिपत.

1766 चा माद्रिदचा दंगा मात्र नीट सांगा, नुसतं लांब झगे आणि रुंद टोप्यांवर बंदी एवढंच नाही, पाव महागला होता ते खरं दुखणं. जेझुइटांची, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाची, हकालपट्टी 1767, ती थोडक्यात चालेल.