मुलांचा कान सारखा ठणकतो? आधी नाकाकडे बघा

पावसाळा लागला की ठाण्यात घोडबंदरपासून कळव्यापर्यंत मुलांच्या डॉक्टरांकडे गर्दी होते आणि त्यात कान धरून रडणारी पोरं असतातच. घरचे म्हणतात अंघोळीचं पाणी गेलं असेल. पण कानाचा पडदा शाबूत असेल तर बाहेरचं पाणी मधल्या कानात पोचतच नाही, इन्फेक्शन तिथे बहुतेक वेळा नाकातून जातं. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी असते, लहान मुलांमध्ये ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, सर्दीने सुजली की बंद होते मग आत शरीराचंच पाणी साचतं आणि त्यात जंतू वाढतात. ६ महिने ते २ वर्षं ह्या वयात हा त्रास सगळ्यात जास्त.

१. दूध पाजताना डोकं वर ठेवा. आडवं झोपवून तोंडात बाटली देऊ नका, दूध त्या नळीकडे जाऊ शकतं. जमत असेल तर पहिले ६ महिने फक्त अंगावरचं दूध द्या. आणि तोंडात सारखी चोखणी देण्याची सवय ६ महिन्यांनंतर कमी करत आणा.

२. लसी चुकवू नका. न्यूमोकोकल जंतूची लस म्हणजे पीसीव्ही, दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने अशी मिळते, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट. तिने सगळी कानाची इन्फेक्शन थांबत नाहीत पण काही नक्की टळतात. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

३. घरात धूर नको. सिगरेट तर नाहीच, बाल्कनीत ओढून आलात तरी कपड्यांना धूर असतोच. मच्छर कॉइल आणि धूप पण बाळाच्या खोलीत लावू नका, मच्छरदाणी बरी.

४. सर्दी झाली की नाकात सलाइनचे थेंब घाला. मोठी मुलं नाक शिंकरतात तेव्हा एका वेळी एकच नाकपुडी आणि हळू, जोर लावला की शेंबूड मागे ढकलला जातो. पाळणाघरातून आलं की आधी हात धुवा.

५. कानात काहीही घालू नका. कोमट तेल, लसणाचं तेल, कांद्याचा रस, काहीच नको. आजी मायेनेच सांगतात, पण दुखणं पडद्याच्या मागे असतं, तेल तिथे पोचत नाही, आणि पडद्याला भोक पडलं असेल तर तेच तेल आत जातं. डॉक्टरला पडदा नीट दिसत नाही ते वेगळंच. बड्सही नकोत.

६. दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या आणि डॉक्टरांना दाखवा. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक बाटली काढू नका प्लीज. दोन वर्षांवरच्या मुलाला सौम्य त्रास असेल तर डॉक्टर २-३ दिवस वाट बघायला सांगू शकतात, ते बरोबर आहे. अँटिबायोटिक दिलं तर कोर्स पूर्ण करा. बाळ ६ महिन्यांच्या आतलं असेल तर वाट बघूच नका.

कधीकधी रात्रभर रडून पहाटे मूल अचानक शांत होतं आणि उशीवर पिवळा डाग दिसतो, म्हणजे कान फुटलाय. दाब कमी झाला म्हणून दुखणं थांबलंय, इन्फेक्शन गेलेलं नाही. पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येतो, पण दाखवायचंच, आणि तोपर्यंत कान कोरडा ठेवायचा, स्विमिंग बंद.

कानामागे सूज येऊन कान पुढे आलेला दिसला, मान ताठ झाली, उलट्या, गुंगी किंवा चेहरा एका बाजूला वाकडा, तर त्याच रात्री जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला जा. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. इन्फेक्शन कानामागच्या हाडात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेलं असू शकतं.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती न दुखणाऱ्या पाण्याची. इन्फेक्शन गेल्यावरही ते आत साचून राहू शकतं, मूल टीव्ही मोठ्याने लावतं, हाक मारली तर ओ देत नाही, बोलायला उशिरा लागतं, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. ३ महिन्यांनंतरही पाणी असेल तर ऐकण्याची टेस्ट करून घ्या, गरज पडली तर कान-नाक-घशाचे डॉक्टर पडद्यात बारीक नळी बसवतात, छोटंसं ऑपरेशन असतं.