टीव्हीवरचा सूत्रसंचालक घाण बोलला तर गावात बसून तक्रार कशी करायची

आमच्याकडं रात्री साडेआठपर्यंत जेवणं आटोपतात अन् मग टीव्ही लागतो. मामाजी म्हणजे माझे सासरे खुर्चीवर, आत्याबाई म्हणजे सासूबाई भिंतीला टेकून खाली, पोरगी त्यांच्या मांडीवर अन् मी स्वयंपाकघराच्या दाराशी भांडे पुसत उभी, हे रोजचं. त्या दिवशी कॉमेडीचा कार्यक्रम होता, त्यातला सूत्रसंचालक पाहुणी आलेल्या बाईच्या अंगाबद्दल असं काही बोलला अन् वरून एक शिवी, अन् समोर बसलेले सगळे लोक टाळ्या वाजवत हसले. मामाजी उठले, चपला घातल्या, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. घरात कोणी काहीच बोललं नाही. मी डोक्यावरचा पदर सारखा केला अन् चॅनल बदलला, अन् पोरगी विचारते, "आई, आबाजी काहून गेले वं?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी तक्रार केली, आयुष्यात पहिल्यांदा, वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, मोबाईलवरून. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. आपल्याकडं सगळ्यांना वाटतं की आपलं कोण ऐकते बाप्पा, म्हणून जे शिकले ते सगळं इथं लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण इथंच आपले लोक चुकतात. घाण बोलणं वेगळं अन् आपली वऱ्हाडी वेगळी. "काय बे", "कुठी चालला लेका", "भैताड आहे का तू" हे आपल्याकडं प्रेमानं बोलतात, भाऊ भावाला बोलतो, दोस्त दोस्ताला बोलतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना त्यातला "बे" कानाला टोचतो, टोचू द्या, ती शिवी नाही. आमच्या आत्याबाई पोट्ट्यायले दिवसातून दहा वेळा "मुडद्या" म्हणतात अन् अकराव्यांदा जवळ घेऊन भाकर चारतात. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, त्यांचं कीर्तन अशाच आपल्या रोखठोक बोलीत, लोकांना तोंडावर झापायचे दारूवरून, कर्ज काढून केलेल्या लग्नावरून, कोंबड्या-बकरे कापण्यावरून, अन् बाया-पोरं सगळे समोर बसून ऐकायचे, कोणाला उठून जावं लागलं नाही. म्हणून टीव्हीवर कोणी वऱ्हाडीत खडबडीत बोलला एवढ्यावरून तक्रार करू नका, उलट मला राग येतो की मालिकेत शिव्या देणारा, दारू पिणारा माणूस दाखवायचा असला की त्याच्याच तोंडी आपली बोली घालतात, पण तो विषय वेगळा.

मग तक्रार कशाची? माझी पारख साधी आहे. बोलणं कोणाच्या वागण्यावर आहे की कोणाच्या शरीरावर, आईबहिणीवर, जातीवर, अपंगपणावर? दुसरं म्हणजे ते कोणत्या वेळेला दाखवलं. अन् तिसरं, कार्यक्रम लाइव्ह होता की आधी शूट केलेला, हे फार महत्त्वाचं आहे. लाइव्ह चर्चेत एखाद्या पाहुण्याची जीभ घसरली अन् अँकरनं तिथल्या तिथं थांबवून माफी मागितली तर मी सोडून देईन. पण कॉमेडी शो, रिॲलिटी शो हे आधी शूट होतात, मग कापाकापी होते, कोणीतरी बसून ते पाहिलेलं असते अन् ठेवू म्हटलेलं असते. अन् सूत्रसंचालकाची गोष्ट पाहुण्यापेक्षा वेगळीच, माइक त्याच्या हातात आहे, कार्यक्रम कुठं न्यायचा ते तोच ठरवते. काही ठिकाणी बीप टाकतात पण अशी की पहिलं अक्षर ऐकू येते, ओठ दिसतात, अन् पोरं उरलेलं बरोबर जुळवतात, असल्या अर्धवट बीपचीही तक्रार करता येते.

आता लिहायचं काय. ऐकलं की लगेच, दुसरं काम करायच्या आधी, चॅनलचं नाव, कार्यक्रमाचं नाव, तारीख अन् घड्याळातली वेळ लिहून घ्या, "आठ-साडेआठच्या सुमारास" असं नको, "८ वाजून ४२ मिनिटं" असं. कार्यक्रम पुन्हा दाखवतात किंवा चॅनलच्या ॲपवर असतो तर तिथून मोबाईलवर तेवढा तुकडा शूट करून ठेवा. नाही जमलं तरी घाबरू नका, चॅनलला दाखवलेलं सगळं ९० दिवस जपून ठेवावं लागते, सरकारचा तसा नियम आहे, म्हणून तर वेळ अचूक पाहिजे, त्यावरूनच ते शोधतात.

अन् तो शब्द? इथं मी अडकले होते. माझ्या हातानं तो शब्द कागदावर उतरेना, आपण बायका तो कधी तोंडातून काढत नाही तर लिहिणार कसा. आधी मी "अत्यंत अश्लील शब्द वापरला" एवढंच लिहिलं. मग वाचून पाहिलं अन् कळलं की यावरून कोणालाच काही कळणार नाही, ते म्हणतील आमच्या मते अश्लील नव्हता, संपला विषय. शेवटी पोरगी झोपल्यावर पूर्ण वाक्य जसंच्या तसं लिहिलं. लाज वाटली, खोटं कशाला सांगू, पण ती लाज बोलणाऱ्यानं बाळगायची होती, मी नाही. तुम्हीही पूर्ण लिहा, टिंबटिंब देऊ नका.

नियमाचं नाव टाकलं की तक्रारीला वजन येते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४, त्यातला नियम ६, कार्यक्रम संहिता. त्यात सभ्यतेला धक्का देणारं, अश्लील, बाईला कमी लेखणारं दाखवू नये असं आहे, अन् ज्या वेळेला जास्तीत जास्त लेकरं टीव्ही पाहतात तेव्हा लेकरांना न शोभणारं दाखवू नये असंही आहे. माझा मजकूर साधारण असा होता: "अमुक तारखेला रात्री ८.४२ वाजता तुमच्या चॅनलवर अमुक कार्यक्रमात सूत्रसंचालकानं पाहुण्या महिलेला उद्देशून हे शब्द वापरले, मग ते शब्द. हा कार्यक्रम घरातले म्हातारे अन् लहान मुलं एकत्र पाहतात. हे नियम ६ च्या विरोधात आहे. हा भाग पुन्हा दाखवताना ते वाक्य काढावं अन् चॅनलनं दिलगिरी दाखवावी." बस, एवढंच. संस्कृती बुडाली, देश बिघडला असं दोन पानं लिहू नका, अन् त्याला उलट शिव्या तर मुळीच नको, मग आपल्यात अन् त्याच्यात फरक काय राहिला.

पाठवायचं पहिले चॅनललाच. २०२१ पासून नियमच आहे की प्रत्येक चॅनलनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा अन् त्याचं नाव-पत्ता वेबसाईटवर टाकायचा, पार खाली बारीक अक्षरात असते, शोधा. तक्रार मिळाली अशी पोच २४ तासांत द्यावी लागते अन् निर्णय १५ दिवसांत. बातम्यांचं चॅनल असलं तर उशीर नका करू, सात दिवसांच्या आतच पाठवा.

चॅनलनं उत्तर दिलं नाही किंवा गोलमोल दिलं तर पुढच्या १५ दिवसांत वर जायचं. चॅनलवाल्यांच्याच संघटनांनी तक्रारी ऐकायला बनवलेल्या संस्था असतात, बातम्यांच्या चॅनलसाठी एनबीडीएसए (NBDSA) आहे, मालिका अन् मनोरंजनाच्या चॅनलसाठी बीसीसीसी (BCCC), ही २०११ पासून आहे. चॅनल कोणत्या संस्थेचं सदस्य आहे ते आधी पाहून घ्या कारण सगळे चॅनल सगळीकडं नसतात. एनबीडीएसए चॅनलला माफी दाखवायला लावते, व्हिडिओ काढायला लावते, दंडही करते, तो जास्तीत जास्त एक लाख, जो चॅनलसाठी काहीच नाही असं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही बोलून दाखवलं. तरी चॅनलवाल्यांना माफीची पट्टी दाखवायची फार जिवावर येते, म्हणून मागणीत माफी लिहाच. त्याच्याही वर केंद्र सरकारचं माहिती-प्रसारण मंत्रालय, तिथं अपील करता येते. अन् तिथून काही होत नाही असं नाही. २०१० च्या नोव्हेंबरात असल्याच भाषेवरून मंत्रालयानं दोन रिॲलिटी शो रात्री ११ ते पहाटे ५ मध्येच दाखवा असा आदेश काढला होता, बिग बॉस अन् राखी का इन्साफ. बिग बॉसवाले मुंबई हायकोर्टात गेले, त्यांना स्थगिती मिळाली, ते खरं, पण विषय देशभर झाला.

तालुक्याच्या केबलवाल्याचं स्वतःचं लोकल चॅनल असते ना, गणपतीत-देवीत ऑर्केस्ट्रा दाखवतात अन् निवेदक दुहेरी अर्थाचं काहीबाही बोलते, त्यासाठी दिल्लीला लिहायची गरज नाही. एसडीओ (उपविभागीय अधिकारी) साहेबाला किंवा कलेक्टर ऑफिसला अर्ज द्या, या कायद्यात त्यांना अधिकार आहेत. जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली केबल टीव्हीवर लक्ष ठेवणारी समितीही असते, त्यात पोलीस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी, महिला कॉलेजच्या प्राचार्य असे लोक असतात. बहुतेक लोकांना ती आहे हेच माहीत नाही. अर्ज दोन प्रतीत न्या, एकीवर आवक-जावकचा शिक्का मारून घ्या. बचत गटाच्या बाया मिळून सह्या केल्या तर चांगलंच, आमच्या गटात अकरा जणींनी केल्या, दोघींनी अंगठे दिले.

यूट्यूबचं मात्र वेगळं, तिथं केबलचा कायदा लागत नाही. व्हिडिओखाली रिपोर्टचं बटण असते ते दाबा, अन् नाही झालं तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, त्यांनाही २४ तासांत पोच अन् ठरलेल्या मुदतीत निकाल असं बंधन आहे.

घरात तोवर काय करायचं तर सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये चॅनल लॉक असते, फ्री डिशच्याही बऱ्याच बॉक्समध्ये असते, चार आकडी पिन टाकायचा. महिन्याचे पैसे भरत असाल तर ते चॅनल पॅकमधून काढूनच टाका. पण लेकरानं शब्द ऐकलाच असला तर हसू नका अन् मारूही नका. मी पोरीला सांगितलं की त्या माणसानं त्या बाईला दुखेल असं बोललं, आबाजीला ते आवडलं नाही म्हणून ते गेले. तिला एवढं पुरलं.

मला चॅनलचं उत्तर तेराव्या दिवशी आलं, तेच ते, "आपल्या भावना दुखावल्याबद्दल खेद आहे", अन् शब्दाबद्दल चकार नाही. मी अपील टाकलं. मामाजीला सांगितलं नव्हतं, सासऱ्यासमोर हा विषय काढायचा तरी कसा, पण त्यायले कुठून तरी कळलं, संध्याकाळी ओट्यावरून विचारते, "काय लिवलं तू?" मी मोबाईल हातात दिला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, त्या वाक्यासकट, अन् म्हणाले, "तारीख टाकली बरोबर."

तुमचं उत्तर आलं की त्यावरची तारीख पहिले वहीत लिहा, अपिलाचे १५ दिवस तिथूनच मोजायचे असतात.