पेटी येणाऱ्या मुलांना पियानो शिकवताना

कोथरूडमध्ये माझ्याकडे पियानो शिकायला येणारी बरीच मुले घरची पेटी वाजवून आलेली असतात. त्यांना नवखे समजून पहिल्या धड्यापासून सुरुवात करण्यापेक्षा त्यांच्या कानात मुरलेल्या सरगमेचा आधार घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

खरी अडचण डाव्या हाताची असते. पेटीवर तो केवळ भाता चालवतो; त्यामुळे मूल पियानोपुढे बसले की उजवा हात सराईतपणे फिरतो आणि डावा मांडीवर पडून राहतो, कित्येकदा तर भाता मारल्यासारखा नकळत हलतही असतो. यासाठी हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक यांच्या 'मायक्रोकॉसमॉस' या १५३ रचनांच्या संग्रहातील पहिल्या सहा रचना फार उपयोगी पडतात. त्यांत दोन्ही हात एकच सुरावट वाजवतात आणि ती पाच बोटांच्या आवाक्यात राहते. अंगठा दोन्ही हातांचा पहिलाच, म्हणून उजवा हात चढताना एक-दोन-तीन मोजतो तेव्हा डावा पाच-चार-तीन मोजत असतो, हे मुलाला बोटांवर दाखवून द्यावे. प्रत्येक रचना आधी एकट्या डाव्या हाताने, मगच दोन्ही हातांनी वाजवून घ्यावी.

दुसरा घोळ 'सा'चा. पांढरी एक (पाश्चात्त्य नावाने सी) म्हणजेच सा, अशी सवय लागलेली मुले पाश्चात्त्य स्वरलिपी वाचताना अडखळतात. त्यांना पांढरी पाचला (म्हणजे जी) सा मानून बिलावलचे, म्हणजे सगळे शुद्ध, स्वर ओळीने वाजवायला सांगावे. नी वाजवायची वेळ येते तेव्हा पांढरी चार कानाला खटकते आणि मूल स्वतःच काळी तीन शोधून काढते. त्याच क्षणी स्वरलिपीतील शार्पचे (स्वर अर्ध्याने चढवणारे) चिन्ह दाखवले, तर जी मेजर ही स्वरपट्टी वेगळी पाठ करून घ्यावी लागत नाही.

हे जमले की जर्मन संगीतकार बाख यांनी पत्नी आना माग्दालेना यांच्यासाठी १७२५ मध्ये सुरू केलेल्या वहीतील जी मेजरमधला प्रसिद्ध मिनुएट (तीन मात्रांच्या नृत्याची रचना) घ्यावा. तो बाख यांचा मानला जात असे, परंतु रचनाकार क्रिस्तियान पेत्सोल्ड आहेत. त्याच्या दोन मापांत (बारमध्ये) सहा मात्रा बसतात, म्हणून मुलाने हाताने सहा मात्रांच्या दादरा तालाची टाळी-खाली धरून सुरावट आधी गावी.

स्वरलिपीसाठी आयएमएसएलपी हे संकेतस्थळ पुरेसे आहे. तेथे शूमान यांचा १८४८ मधील 'आल्बम फॉर द यंग' विनामूल्य मिळतो. त्यातील ४३ रचनांपैकी सुरुवातीच्या सोप्या आहेत. घरी ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड असल्यास पहिले काही महिने चालतो, पुढे मात्र ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा, अन्यथा बोटांत जोर येत नाही.

वर्षातून एकदा घरगुती बैठक ठेवावी आणि आजोबांनी किंवा आईने पेटीवर साथ करावी. त्यासाठी दिवाळीनंतरचा काळ योग्य. पावसाळ्यातील दमटपणाने लाकडी पियानोचा साउंडबोर्ड फुगून सूर चढतात आणि हवा कोरडी झाली की उतरतात, म्हणून ट्यूनिंग हवा स्थिरावल्यावरच करून घ्यावे. बैठकीपूर्वी पेटीची आणि पियानोची पांढरी पाच एकत्र दाबून पाहावी. आवाजात लहर जाणवली, तर पेटी बाजूला ठेवून साथीला तबला घ्यावा.