डाग राहिला म्हणून लगेच ट्यूब मागू नका

कोपरखैरण्यात माझं मेडिकल आहे. संध्याकाळी एखादा मुलगा गर्दी ओसरेपर्यंत उगाच प्रोटीन पावडरचे डबे वाचत उभा राहतो, आणि शेवटचं गिऱ्हाईक गेलं की हळूच म्हणतो, "ताई, गुप्तरोगाचं औषध पूर्ण झालं, पण डाग जात नाहीये. एखादं मलम द्या ना." बायका येतात त्या मैत्रिणीचं नाव सांगून. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे मलम देत नाही. पण काय बघायचं ते सांगते.

आधी एका कागदावर लिहून काढा: आजार कोणता सांगितला होता, कुठलं औषध कोणत्या तारखेला घेतलं, आणि आता जे दिसतंय ते औषधाच्या आधीपासून होतं की नंतर आलं. सरकारी दवाखान्यातून रंगीत किट मिळालं असेल तर त्याचा रंगही लिहा, रंगावरून डॉक्टरांना आतली औषधं कळतात. निदान झालंच नसेल, कुणीतरी नुसत्या गोळ्या दिल्या असतील, तर पुढचं वाचण्याआधी तपासणी करून घ्या.

सिफिलिस होता? पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतल्यावर पहिल्या २४ तासांत थंडीताप येऊ शकतो, अंगावरचे चट्टे आणखी लाल दिसू शकतात. जंतू मरताना शरीर तसं वागतं. बहुतेकांचं दुसऱ्या दिवशी उतरतं, पॅरासिटामॉल पुरतं. गरोदर बाईने मात्र लगेच डॉक्टरांना कळवायचं. आणि अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर ती अ‍ॅलर्जी, तेव्हा थेट कॅज्युअल्टी गाठा.

चट्टे विरल्यावर मागे सपाट, काळपट डाग राहतो. तो खाजत नाही, दुखत नाही. सावळ्या कातडीवर महिनोन्महिने टिकतो आणि आपला आपण फिकटतो. त्याच्यासाठी गोरेपणाची क्रीम जांघेत चोळणारे लोक मी पाहिलेत. आग होते, सालं निघतात आणि डाग आणखी गडद होतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा त्याच दिव्याखाली फोटो काढा. (फोटो घरच्यांच्या फोनवर आपोआप जात नाहीत ना, ते आधी बघा.)

सिफिलिस आटोक्यात आला का, हे डागावरून ठरत नाही. त्यासाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर या रक्ततपासणीचा टायटर, म्हणजे रिपोर्टवरचा १:३२ असा आकडा, बघतात. उपचाराच्या वेळी १:३२ असेल आणि पुढे १:८ किंवा त्याखाली आला, म्हणजे चौपट उतरला, तर औषध लागू पडलं. साधारण ६ आणि १२ महिन्यांनी तपासतात. दर वेळी तीच तपासणी, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा; एकदा व्हीडीआरएल आणि एकदा आरपीआर केली तर आकडे जुळवता येत नाहीत. टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी रक्ततपासणी मात्र बरं झाल्यावरही बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्ह राहते. ती पुन्हा करून रडत येणारे खूप असतात.

खाज ही वेगळीच कहाणी. खरूज जवळीकीतूनही लागते. पर्मेथ्रिन हे खरजेचं मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत रात्रभर लावून, आठवड्याने पुन्हा लावल्यावर किडे मरतात, पण खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. अंडकोषावरच्या खरजेच्या गाठी तर काही महिने. म्हणून रोज रात्री पर्मेथ्रिन लावत बसू नका, त्यानेच कातडी चुरचुरते. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं होतं का? चादरी-कपडे गरम पाण्यात धुतले होते का? चार आठवड्यांनंतरही नवे पुरळ येत असतील तर परत दाखवा.

औषधामुळेही डाग पडतो. डॉक्सीसायक्लिन, मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, कधी साधी वेदनाशामक गोळीसुद्धा. ओठावर किंवा लिंगावर गोल, जांभळट चट्टा येतो, कधी त्यावर फोड येतो. तीच गोळी पुन्हा घेतली की त्याच जागी पुन्हा उठतो, आणि लोक समजतात आजार उलटला. म्हणून त्या कागदावर तारखा हव्यात. चट्ट्यासोबत तोंड, डोळे सोलवटले किंवा अंगाची कातडी सुटू लागली तर रात्र काढू नका, तडक हॉस्पिटल.

हर्पिसचे फोड पुन्हा येऊ शकतात, विषाणू शरीरात राहतो. गुप्तांगावरची चामखीळही काढल्यावर पहिल्या तीन महिन्यांत अनेकदा परतते. लिंगाच्या टोकाच्या कडेने ओळीत असलेले बारीक एकसारखे दाणे मात्र बहुतेक वेळा आजार नसून शरीराच्या ठेवणीचेच असतात. नुकतंच घाबरून गेलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा इतकं निरखून बघतो, एवढंच.

आता ट्यूबचं. ठाणे–वाशी लोकलची गर्दी, घामाने भिजलेली जीन्स, त्यात जांघेत नायटा आला की लोक त्याला जुन्या आजाराशी जोडतात आणि शेजाऱ्याने सांगितलेलं, तीन-चार औषधं एकत्र असलेलं क्रीम मागतात. त्यात बहुतेकदा क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, गिऱ्हाईक खूश. आत बुरशी पसरत राहते. महिन्या-दोन महिन्यांत नायटा मांडीवर, कमरेवर, कातडी पातळ, आणि स्ट्रेच मार्क पडले तर ते जात नाहीत. अशी स्टिरॉइड क्रीम २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळतात; हे धंद्यातली म्हणून मलाच सांगायला लाज वाटते. डेटॉलचे शेक, लिंबू, ब्लेडने साफसफाई, हेही बंद. साधं पाणी, कोरडं फडकं, सैल सुती चड्डी. फार तर व्हॅसलीन.

वाट बघायची नाही अशा गोष्टी: नवी जखम, दुखत नसली तरी, तळहात-तळपायावर पुरळ, नजर अंधुक होणं, ऐकू कमी येणं, डोकं सतत दुखणं. जोडीदाराचं औषध झालं नसेल तर तुमचं झालेलं औषध वाया जाऊ शकतं, तेव्हा त्यालाही पाठवा आणि दोघांच्या जखमा पूर्ण भरेपर्यंत, डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंध थांबवा.

जायचं कुठे? वाशीचं महापालिका रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. मोठ्या सरकारी दवाखान्यांत गुप्तरोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे समुपदेशकही भेटतात. आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही सरकारी एड्स हेल्पलाइन फुकट आहे. केसपेपरच्या खिडकीवर मागे रांग असते, तिथे "स्किन" एवढंच म्हणा. बाकीचं आत डॉक्टरांना, तो कागद हातात देऊन.